आभारप्रदर्शन

११ जानेवारी

ठमे,

आशीर्वाद भेटल्यावर देईन, पोस्टाने पाठवले तर वाटेत सुकतात. फोन केला की तू 'हं' म्हणतेस. दुकानाला आग लागली असं सांगितलं तरी 'हं'च म्हणशील. म्हणून आता कागदावर लिहिते. कागद निदान मध्येच हं म्हणत नाही.

दुकानासमोरचं रेल्वेचं फाटक कायमचं बंद होणार आहे. मला हे फाटकवाल्याने सांगितलं. नोटीस लावली आहे, पण ती खांबाच्या रुळांकडच्या बाजूला चिकटवली आहे. वाचायची तर रुळात उभं राहून वाचावी लागते. मी वाचली. फाटकाच्या जागी भिंत येणार, आणि माणसांना पलीकडे जायला लोखंडी पूल. पुलाला दोन्हीकडून पायऱ्या.

पायऱ्या म्हटल्यावर मला आमची ताई, तुझी मावशीच दिसली. तू गेलीस तेव्हा ती काठी टेकत चालायची. खुबा मोडल्यापासून ती चाकांच्या खुर्चीत आहे. रोज दुपारी ती पलीकडच्या बाजूला येऊन थांबते, गाडी नाही असं बघून फाटकवाला तिची खुर्ची रुळांवरून ढकलून देतो, आणि मग संध्याकाळपर्यंत ती आपल्या दुकानात. मी इस्त्री करते, ती गिऱ्हाइकांच्या शर्टांची तुटलेली बटणं लावते. कुणी सांगितलेलं नसतं, तरी लावते, आणि रंग जुळला नाही तर गिऱ्हाइकालाच ऐकवते. घरी ती एकटी असते. फोन तिला जमत नाही, कानातल्या यंत्राजवळ फोन नेला की शिट्टी वाजते. दुपारची इथे आली नाही तर दिवसभर चार भिंतींशी बोलेल बिचारी, आणि भिंती तिचं किती ऐकून घेतील?

पुढच्या आठवड्यात पालिकेच्या सभागृहात जनसुनावणी आहे. लोकांचं म्हणणं कायद्याने ऐकून घ्यावंच लागतं म्हणे. मला पूल नको असं मुळीच नाही. गाड्या वाढल्या आहेत, फाटकात माणसं खोळंबतात, मलाही डोळे आहेत. मला एकच सांगायचं आहे, की पायऱ्यांच्या जोडीला चाकांची खुर्ची चढेल असा उतार करा. एका वाक्याचं काम. नकाशावर एक रेघच तर ओढायची आहे.

माईक आणि कर्णे तुझ्या बाबांचेच असणार, शहरात दुसरा आहे कोण. घरचाच माणूस माईकशी असल्यावर मला काळजी नाही. तू विचारलं नाहीस तरी सांगते, बाबा बरे आहेत.

तुझी आई

२१ जानेवारी

ठमे,

सुनावणी झाली.

मी नंबर लावून उभी राहिले. एवढ्या वर्षांत बाबांबरोबर किती सभांना मागच्या रांगेत बसले असेन मी. भाषण कसं करायचं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. आधी मान्यवरांचे आभार, मग कामाचं कौतुक, मग मुद्दा. मोठी माणसं सगळी असंच बोलतात. मीही मंचावरच्या पालिकेच्या साहेबांचे आभार मानले, अभियंत्यांचे मानले, पूल होतो आहे याचा आम्हा सर्वांना आनंद आहे असं म्हणाले. माझा आवाज काय लागला होता म्हणून सांगू. सभागृहाच्या शेवटच्या भिंतीला लागून परत येत होता. मग 'परंतु' म्हणायला तोंड उघडलं आणि माईक गेला.

वायर सैल असेल. अशा गोष्टी होतात.

मी बोलत राहिले. ताईची खुर्ची, उतार, पावसात पायऱ्यांवर घसरणारी म्हातारी माणसं, पोटात होतं ते सगळं बोलले. वर पंखे गरगरत होते. पहिल्या रांगेतल्या बाईंनाही काही ऐकू गेलं नसावं, त्या माझ्याकडे बघून गोड हसत होत्या. साहेबांनी मान डोलावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आपल्याकडे कुणीही बोलून थांबलं की वाजवतातच. माझ्यामागून दूधवाला आला, त्याला माईक व्यवस्थित चालू मिळाला. त्याने सूचना केली की पुलाला निळा रंग द्यावा.

बाहेर पडताना सभागृहाच्या मागच्या आवारात लोखंडाचे तुकडे रचलेले दिसले. जवळ जाऊन पाहिलं. पूलच होता तो, सुटा सुटा करून ठेवलेला. पायऱ्यांसकट. आधी पूल आणायचा आणि मग लोकांना विचारायचं, पूल आणू का? घरी एखादं पोर असं वागलं तर आपण त्याला चार गोष्टी सुनावतो.

बाबांचे शर्ट इस्त्री करायचे राहून गेले आहेत. बाकी ठीक.

तुझी आई

९ फेब्रुवारी

ठमे,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, एक ओळ. 'बाबांची वायर कधी सैल असते का?' बापाच्या वळणावर गेली आहेस. बोलत नाहीस आणि बोललीस की वर्मावर.

नाही, नसते. ठीक आहे, सांगते.

तुला त्यांची ती जुनी पद्धत माहीत आहे. सभा कुणाचीही असो, ते आपलं मशीन अशा ठिकाणी मांडतात की मंचावरचा मुख्य माणूस समोर दिसला पाहिजे. बोलणाऱ्याकडे त्यांची पाठ असते. मुख्य माणसाने टेबलावरचं बोट जरासं वर केलं की बाबा आवाज उतरवतात. कुणाला कळतसुद्धा नाही. लांबलेली भाषणं, चिडलेली भाषणं, दारू पिऊन आलेल्या पाहुण्याचं भाषण, सगळं त्या एका बोटावर निभतं. 'माझ्या माईकवर कधी तमाशा झाला नाही' हे त्यांचं आवडतं वाक्य. कामं त्यांना मिळतात ती त्यामुळेच.

तर आता 'परंतु' येणार हे ताडून साहेबांचं बोट वर झालं. आणि बाबांनी आवाज उतरवला.

घरी आल्यावर मी विचारलं. भांडले नाही, नुसतं विचारलं. ते वायर गुंडाळत होते. म्हणाले, "तू बोलत होतीस हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी बोट बघत होतो." अगं, त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. ते मला समजावून सांगत होते, गिऱ्हाइकाला बिघाड समजावतात तसं. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि वर कुंपण म्हणतंय, शेत आपलंच होतं हे कळलं नाही. मला इतका संताप आला की मी हसले. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे. त्यांचे शर्ट धुऊन देते, इस्त्री नाही. सभेत चुरगळलेले कपडे घालून बसतात, बसू देत.

तू नोकरीचं सांगत होतीस त्या दिवशी त्यांनी दुरुस्तीला आलेल्या कर्ण्याचा आवाज वाढवला होता. मी तुला म्हणाले होते, मनाचे वाईट नाहीत गं. नाहीतच. पण ऐकून न घेणाऱ्याचं मन चांगलं असून समोरच्याला त्याचा काय उपयोग, हे मला आता कळलं.

एवढ्यावर थांबले असते तर मी मी कसली? पालिकेत गेले. या खिडकीने त्या खिडकीकडे पाठवलं, त्या खिडकीने जेवणाची सुट्टी सांगितली. शेवटी साहेबांनी स्वतः बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. साहेब उद्धट असते ना, तर मला बरं वाटलं असतं, चार शब्द सुनावून आले असते. माणूस अगदी सभ्य. त्यांनी सुनावणीची ध्वनिफीत लावली. सगळी बाबांनी करून दिलेली, स्वच्छ. त्यात मी आभार मानते, आनंद व्यक्त करते, आणि मग टाळ्या.

"तुम्ही तर प्रकल्पाच्या बाजूने बोललात," साहेब म्हणाले. "अहवालात तशी नोंदही घेतली आहे."

मी म्हटलं, पुढचं माझं बोलणं माईक बंद करून बुडवलं. त्यावर ते म्हणाले की जे ध्वनिफितीत नाही ते नोंदीत कसं येणार. मग म्हटलं, आत्ता लेखी देते. तर लेखी हरकतींची मुदत संपली होती. कधी संपली? सुनावणी झाली की संपते. आणि सुनावणीत बोलू दिलं नाही तर? त्यावर साहेबांनी पुन्हा पाणी मागवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, फक्त इथे मारणारा मध्ये मध्ये पाणी विचारतो.

ताईला सगळं सांगितलं. ती बटणाच्या दोऱ्याला गाठ मारत म्हणाली, "आभार कशाला मानायला गेली होतीस? भूक लागली की मूल आधी आईचे आभार मानतं का?"

तुझी आई

१७ मे

ठमे,

पूल उभा राहिला. निळा आहे. दूधवाल्याचं ऐकलं बघ.

भिंतही झाली. फाटकवाल्याची बदली झाली. जायच्या आदल्या दुपारी त्याने ताईची खुर्ची शेवटची ढकलली आणि संध्याकाळी परत नेऊन सोडली. त्याचा निरोप घ्यायला आम्ही दोघीच होतो. गंमत सांगू? त्याच दिवशी चौकात एक मोठा फलक लागला. 'नागरिकांनी मानले आभार', आणि खाली हातात माईक धरून तोंड उघडलेली मी. फोटो नेमका 'परंतु'च्या वेळचा असावा, कारण तोंड रागावलेलं दिसतं. लोक दुकानात येऊन अभिनंदन करतात. निवडणूक जवळ आली आहे, त्यामुळे असे फलक रोज वाढताहेत, पण माझ्याएवढं मोठं तोंड कुणाचंच नाही.

मत मागायला उमेदवार आले होते. मी उताराचं काढलं. ते मागे वळून आपल्या माणसाला म्हणाले, "या त्याच ना, फलकावरच्या?" आणि मला म्हणाले की तुमच्यासारखे समाधानी नागरिक हीच आमची ताकद आहे. विरोधी पक्षवालेही आले. त्यांनी फलक पाहून ठरवूनच टाकलं होतं की मी पलीकडच्या पार्टीची. त्यांनी मत मागितलंच नाही, इस्त्रीला टाकलेले कपडे तेवढे उचलून नेले. पाच वर्षांनी एकदा माझं बोट धरायला येतात सगळे, आणि मध्ये मी बोट दाखवलं की कुणी बघत नाही.

उद्घाटनाला मंत्री आले. कर्णे बाबांचेच. मी म्हटलं होतं, हे एक काम घेऊ नका. म्हणजे तसं बोलले नाही, आमचं बोलणं बंद आहे ना, पण ऐकू जाईल असं पातेल्याला सांगितलं. ते गेले. मंत्री म्हणाले, दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकमुखाने मागणी केली म्हणून हा पूल झाला. ताई पलीकडे पायरीशी खुर्चीत बसून ऐकत होती, मी अलीकडे. कार्यकर्त्यांना काय सुचलं कोण जाणे, दोघं जण तिला खुर्चीसकट उचलून वर न्यायला निघाले, मंत्र्यांबरोबर फोटोसाठी.

ती म्हणाली, "फोटो काढून झाल्यावर खाली कोण आणणार?"

त्या दोघांनी खुर्ची होती तिथेच खाली ठेवली. मग त्यांनी दुसरी म्हातारी शोधली, चालणारी.

मी आता सकाळी एकदा पूल चढून तिचं अंघोळपाणी, जेवण करून येते. माझेही गुडघे बोलायला लागले आहेत, पण ते सोड. दुपारी ती तिच्या अंगणात आणि मी दुकानात. मध्ये सरकारची भिंत. काल गेले तर तिने स्वतःच्याच एका झग्याची सगळी बटणं काढली होती आणि पुन्हा लावत बसली होती. मला तिथे रडायचं नव्हतं, पण आलं रडू. तिला वाटलं सर्दी झाली.

तुझी आई

८ जून

ठमे,

एक नवल सांगायचं आहे.

पंधरा दिवसांपूर्वी एका दुपारी मी इस्त्री तापवत होते, तर बाबा शिडी घेऊन आले. दुकानाच्या छपरावर चढले, एक कर्णा बांधला. मी काही विचारलं नाही, आमचं बोलणं बंद. मग दुसरा कर्णा खांद्यावर टाकून, पुलाच्या कठड्याला वायर बांधत बांधत पलीकडे गेले. बऱ्याच वेळाने परत आले, टेबलावर माझ्यापुढे एक माईक ठेवला, आणि उभे राहिले. तेवढ्यात छपरावरून ताईचा आवाज, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा, "अगं, ऐकू येतंय का? तो मुका मला काही न सांगता माईक बांधून गेला."

कर्ण्याचा आवाज तिला यंत्राशिवायही ऐकू जातो. कुणाला जाणार नाही? आता रोज दुपारी आम्ही बोलतो. मी इस्त्री करता करता, ती अंगणातून. बटणं तुटलेले शर्ट मी सकाळी जाताना तिच्याकडे टाकून येते. आमचं खाजगी असं काही उरलेलं नाही. माझ्या गुडघ्यांची चौकशी आता भाजीवाली करते. बाबांच्या शर्टांना इस्त्री नाही हे ताईने कर्ण्यावरून विचारलं, त्या दिवशी ते घराबाहेर पडले नाहीत.

पण पुढे काय झालं ऐक. एक बाई आली, म्हणाली, पलीकडे माझी लेक राहते, तिला निरोप द्यायचा आहे. द्या म्हटलं. दुसऱ्या दिवशी एक जण आला, त्याला पलीकडच्यांना विचारायचं होतं की तुमच्याकडेही नळाला गढूळ पाणी येतंय का. पलीकडून कुणीतरी म्हणालं, आमच्याकडे गढूळसुद्धा येत नाही. मग रोजच लोक येऊ लागले. गटार, दिवे, तुंबलेली नाली. कुणी आभार मानत नाही, सरळ बोलतात. ताई पलीकडून दटावते, एका वेळी एकाने बोला, आणि ऐकतात तिचं. बाबा दुकानाच्या पायरीवर बसून असतात. एकाचंही बोलणं त्यांनी उतरवलं नाही. एक जण तर सलग स्वतःच्या मेहुण्याबद्दल बोलला, त्याचा पुलाशी काही संबंध नव्हता, तरी नाही.

मी त्यांच्या एका शर्टाला इस्त्री केली. एकाच.

तुझी आई

२७ जून

ठमे,

सरकारला आमचा आवाज पोचला. नोटीस आली.

सार्वजनिक पुलाच्या कठड्याला विनापरवाना वायर बांधणे, विनापरवाना ध्वनिक्षेपक वापरणे, आणि जमाव गोळा करणे. मला एक, ताईला एक; वायर बांधली कुणी, हे कुणी विचारलंच नाही. ही नोटीस रुळात नाही चिकटवली, घरी आणून हातात दिली, सही घेतली. दोन्हीकडचे कर्णे काढून नेले. त्या दुपारी रस्ता इतका शांत होता की इस्त्रीखाली शर्ट करपला तेव्हा वासावरूनच कळलं. मी काहीच करत नव्हते, भिंतीकडे बघत होते.

चीड कशाची आली सांगू? कर्णे नेल्याची नाही. सहा महिने मी म्हणते आहे माझं ऐका, तेव्हा ऐकायचा नियम नव्हता. आता मी आपली बहिणीशी बोलते आहे, सरकारकडे काही मागत नाही, तर लगेच ऐकायला तयार. नोटिशीत खाली लिहिलं आहे, 'आपले म्हणणे मांडण्यासाठी सभागृहात होणाऱ्या सुनावणीस समक्ष हजर राहावे.' म्हणणं मांडायला गुन्हा करावा लागतो, हे आधी सांगितलं असतं तर मी जानेवारीतच केला असता.

मी ती नोटीस सकाळी ताईला वाचून दाखवली. तिने ती माझ्या हातातून घेतली, 'समक्ष' या शब्दावर सुई टेकवली आणि हसायला लागली. मला आधी कळेना. मग कळलं. तिला सरकारने बोलावलं आहे. नाही गेली तर दंड. आणि सभागृह आहे अलीकडच्या बाजूला.

मी पालिकेत गेले. साहेबांनी खुर्ची दिली. त्यांना म्हटलं, माझी बहीण हजर राहायला तयार आहे, तिला आणायची व्यवस्था कशी करायची तेवढं सांगा. साहेब म्हणाले, पुलावरून या. म्हटलं, चाकांची खुर्ची आहे. मग त्यांनी पाणी मागवलं, आणि या वेळी ते स्वतः प्यायले. फाइल मागवली, कुणाला तरी फोन लावला, आणि त्या फोनमध्ये मी स्वतःच्या कानांनी 'उतार' हा शब्द ऐकला. उतार होईल असं म्हणत नाही मी. इतकी भोळी राहिले नाही. पण शब्द त्यांच्या तोंडून निघाला, आणि तो मी काढला.

त्या सुनावणीला माईक बाबांचाच आहे. काम आलं तेव्हा मला वाटलं हे नाही म्हणतील. हो म्हणाले. मी पातेल्याकडे वळले, तर पातेल्याला काही सांगायच्या आत तेच बोलले, माझ्याशी, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा.

"या वेळी मशीन उलटं मांडणार आहे. मंचाकडे पाठ करून. बोट दिसणारच नाही."

मी त्यांना विचारलं, मग पुढची कामं कोण देणार? ते म्हणाले, बघू. नंतर वायर गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला विचार, येते का. तिचंही बोलणं राहिलंय." तिला म्हणजे तुला. नाव घ्यायचं धैर्य अजून आलेलं नाही, पण तेवढं मी चालवून घेतलं. सगळे शर्ट इस्त्री करून ठेवले.

सुनावणी पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आहे. मी आभार मानणार नाही, पहिलाच शब्द 'उतार' असेल. ताईला ते कसं आणतात ते त्यांचं ते बघतील. तुझी खुर्ची मी पहिल्या रांगेत धरून ठेवते. बाबांचं तोंड या वेळी आपल्याकडे असेल. बोलावंसं वाटलं तर बोल, नाही वाटलं तर नुसतं हं म्हण, पण माईकवर म्हण.

तुझी आई